स्वतःच्याच केसांचं गंगावन

राजूरला पावसाळ्यात माझे केस वाळत नसत. जूनच्या शेवटी पाऊस जो बसायचा तो दसऱ्यापर्यंत उठायचं नाव घ्यायचा नाही, आणि माझे केस होते गुडघ्यापर्यंत. रविवारी न्हायले की बुधवारपर्यंत वेणीचे आतले पेड ओलेच. गुरुवारी त्यांना कुबट वास सुटायचा, शनिवारी डोकं जड व्हायचं आणि रविवारी पुन्हा न्हायची वेळ यायची. फळ्यावर लिहायला वळले की ओल्या वेणीचा गार फटका कमरेला बसायचा. शाळेतल्या मुलींना त्या वेणीचं फार कौतुक होतं. मला तिचा राग यायचा.

ही सत्तर-एकाहत्तरची गोष्ट, मोठ्या दुष्काळाच्या आधीची. मी सत्तावीस वर्षांची होते. वाढले नगरला, जिथे पाऊस येतो तोच पाहुण्यासारखा आणि गच्चीवर अर्ध्या तासात केस कडकडीत वाळतात. आमच्याच जिल्ह्यात, अकोले गावाच्या पुढे डोंगरात, राजूरच्या शाळेत नोकरी लागली तेव्हा सगळ्यांनी मला स्वेटर न्यायला सांगितलं, केसांचं कुणी काही बोललं नाही. एका किराणा दुकानामागची खोली मी भाड्याने घेतली होती. खोलीत एक खाट, एक कोळशाची शेगडी, एक पत्र्याची ट्रंक आणि मी. बाजाराच्या दिवशी वरच्या वाड्यापाड्यांवरून माणसं उतरायची, गाव भरून जायचं आणि संध्याकाळी पुन्हा रिकामं व्हायचं. शाळेच्या बाई म्हणून मला मान होता. मी दिसले की लोक रस्त्यातून बाजूला व्हायचे. आता बाजूला होणाऱ्या माणसांशी गप्पा कशा मारायच्या, ते मला शेवटपर्यंत जमलं नाही.

केस आईने वाढवलेले. दर रविवारी ती मला पुढ्यात बसवायची, दोन्ही गुडघ्यांत माझे खांदे पकडायची आणि तासभर फणी चालवायची. मी हलले की त्याच फणीने टपली. त्या तासात ती आठवडाभराचं सगळं बोलून घ्यायची, आणि मी नुसतं 'हं हं' करायची. मला राजूरला येऊन वर्ष व्हायच्या आत ती गेली. त्यानंतर माझ्या डोक्याला कुणाचा हात लागला नव्हता. हे मी काही मनात धरून बसले नव्हते. एका रविवारी गुंता सोडवता सोडवता एकदम ध्यानात आलं, आणि मग हातात फणी धरून मी बराच वेळ नुसती बसून राहिले.

केस कापावेत असं वाटायला लागलं ते त्याच पावसाळ्यात. पण ते केस एकट्या माझे नव्हते. नगरला माझे दादा-वहिनी माझ्यासाठी स्थळं बघत होते, आणि दादाच्या प्रत्येक पत्रात माझं वर्णन सारखंच असायचं: शिक्षण अमुक, नोकरी सरकारी, रंग सावळा, केस गुडघ्यापर्यंत. रंगाच्या लगेच मागे केस, म्हणजे वाचणाऱ्याचा चेहरा पडायच्या आत सावरावा. वहिनी निघताना दरवेळी बजावायची, "वन्सं, बाकी काही करा, केस तेवढे सांभाळा." माझ्याकडे दाखवण्याजोगं तेवढं एकच होतं असं तिचं मत होतं, आणि खोटं कशाला बोलू, माझंही तेच मत होतं.

मुख्याध्यापकांच्या घरून एक जुनं मासिक वाचायला आणलं होतं. त्यात एक लेख निघाला, आपल्या केसांना कोणती ठेवण शोभेल यावर. गोल चेहरा, लांबट चेहरा, चौकोनी चेहरा, सरळ केस, विरळ केस, अशी ओळीने चित्रं. बायका सगळ्या गोऱ्या, माना उंच, ओठ असे की आत्ताच साखर खाल्लीय. माझ्यासारखी त्यात कुणी नव्हती. तरी मी त्यातली एक निवडली. कानाच्या पाळीपर्यंत कापलेले गुळगुळीत केस आणि मोकळी मान. त्या मोकळ्या मानेकडे मी फार वेळ बघत बसले. ते पान फाडून घेतलं, म्हणजे आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याचं मासिक फाडलं.

गावात बायकांचे केस कापणारं कोणी असण्याचा प्रश्नच नव्हता. पुरुषांचे कापणारा एक म्हातारा न्हावी होता. बाजाराच्या टोकाला पत्र्याच्या आडोशाला एक लाकडी खुर्ची, खिळ्याला टांगलेला आरसा आणि पायाशी चामड्याची धोकटी. एका दुपारी मी छत्री मिटून तिथे जाऊन उभी राहिले. दाढीचा साबण लावून बसलेला माणूस तसाच उठून उभा राहिला. बाकीचे दोघे पाऊस बघायला लागले. मी ते पान पुढे केलं आणि म्हणाले, "बाबा, मला असे केस कापून हवेत."

त्यांनी पान हातात घेतलंच नाही. म्हणाले, "बाई, आमी बाईमान्साच्या केसाला हात लावत न्हाई."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. शाळेत मास्तरकी करून करून माझं एक वाईट झालं होतं, कुणी नाही म्हटलं की मला व्याख्यान सुचायचं. मी तिथेच सुरू झाले. जग कुठे चाललंय, मुंबईत बायका काय काय करतात, तुमच्यासारख्यांनीच बायकांना मागे ठेवलंय, कात्रीला काय कळतं डोकं बाईचं की पुरुषाचं. म्हातारा खाली मान घालून ऐकत होता. माझं झाल्यावर एवढंच म्हणाला, "तुमी शिकलेल्या हायसा. पर माझ्याच्यानं हुनार न्हाई." मी छत्री उघडली आणि तरातरा चालत खोलीवर आले. खोलीवर येईपर्यंत राग संपला होता आणि लाज वाटायला लागली होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शाळा सुटल्यावर त्यांची बायको आली. गावातल्या बाळंतिणींना तेल चोळायला, बाळांना न्हाऊ घालायला तीच जायची, म्हणून मी तिला ओळखत होते. सगळे तिला मावशी म्हणत. उंबऱ्यातच पदर झटकून म्हणाली, "त्यांनी धाडलं न्हाई मला. माझी मी आले. तुमी त्यांना लई बोलला म्हनं काल."

मी म्हटलं, चुकलंच. चहा टाकला. तिने दोन्ही हातांत कप धरला आणि जे सांगितलं ते असं.

हे बाबा मूळचे संगमनेरचे. त्यांचे वडील तिथल्या मोठ्या घरांतून फिरून काम करायचे. त्या काळी काही घरांत बाई विधवा झाली की तिचं डोकं न्हाव्याकडून भादरून घेत. ते कामही वडिलांकडेच असे. एकदा वडील तापाने पडले आणि बोलावणं आलं, म्हणून सतरा वर्षांच्या मुलाला धोकटी देऊन पाठवलं. समोर आणून बसवली ती त्याच्याहून लहान. दोघींनी तिचे दंड धरले होते. केस कमरेच्या खाली. याने खाली बघून वस्तरा चालवायला घेतला. ती रडली नाही, हलली नाही. अर्धं डोकं झालं तेव्हा तिने हळूच विचारलं, "पुरे ना आता?"

"तिला वाटलं, इतकंच आसंल," मावशी म्हणाली. "लेकरूच की वो. यांनी हात थांबवला. घरच्या म्हाताऱ्याकडं बघितलं. त्यानं मान हालवली, चालू दे म्हनून. मग केलं सगळं. काय करतील? घरी आले ते दोन दिस जेवले न्हाईत. तवापासनं त्या घरांत पाऊल टाकलं न्हाई. आमचं लगीन झालं आन् माझ्या म्हायेरी, हितं राजूरला आले. बाईच्या केसाला हात न्हाई ते न्हाई. आमच्या लेकीचं जावळ सुदीक माझ्या भावानं काढलं."

चहा निवून गेला होता. तिने तो एका घोटात संपवला आणि निघाली. मी आदल्या दिवशी त्या माणसाला काय काय ऐकवलं होतं ते एकेक वाक्य मला आठवत होतं.

रविवारी मी त्यांच्या घरी माफी मागायला गेले. खरंच फक्त माफी मागायला गेले होते, केसांचा विषय काढायचा नाही असं ठरवून. बाबा ओसरीवर वस्तऱ्याला धार लावत बसले होते. मी चुकले म्हटल्यावर ते म्हणाले, "असू द्या, बाई." पन्हळीतून पाणी पडत होतं. वस्तरा बाजूला ठेवून त्यांनीच विचारलं, "तुमाला कापायचे कशापायी?"

मी सांगितलं. वाळत नाहीत, डोकं दुखतं, वास येतो. मग थांबले, आणि ज्याच्याशी मी एकदाच, तेही भांडायला, बोलले होते त्या म्हाताऱ्याला सांगून टाकलं, की आई होती तोवर हे केस दोघींचे होते. आता एकटीला ते उचलत नाहीत.

"घरी इचारलं?"

"नाही. केस माझे आहेत."

"कुनी सांगितलं म्हनून तर न्हाई ना?"

"मला धरून कुणी आणलेलं नाही, बाबा."

हे शब्द तोंडातून गेल्यावर मी चपापले. पण ते माझ्याकडे बघत राहिले आणि मग म्हणाले, "तो कागद द्या बघू."

कागद माझ्या पिशवीत तसाच राहिला होता. त्यांनी तो नीट बघितला. मग मला पाठ करून बसायला सांगितलं, वेणीचं टोक दोन बोटांत धरून चोळलं, मानेजवळचे बारीक केस बघितले, आणि निकाल दिला. "ही बाई वायली, तुमी वायल्या. तिचा केस सरळ हाय, पान्यावानी खाली पडतो. तुमचा वळनाचा हाय. वजनानं वळन झाकलंय इतकंच. कानापतुर कापला तर उभा ऱ्हाईल, डोक्यावर टोपलं ठिवल्यागत. खांद्याच्या खाली चार बोटं ठिवा. वाळला का आपसूक वर चढंल."

मी हटून बसले. मला ती मोकळी मान हवी होती. त्यांनीही ऐकलं नाही. चाळीस वर्षं डोकी बघितलेला माणूस आणि एक फाटलेलं पान, असा तो वाद होता, आणि मी पानाच्या बाजूने होते. शेवटी मावशी आतून ओरडली, "ते सांगत्यात ते ऐका, बाई, कापलेलं परत डकवता येत न्हाई." तेव्हा मी गप्प बसले.

"आन् वला केस मी कापनार न्हाई," बाबा म्हणाले. "वळनाचा केस वला असला का लांब दिसतो, फसवतो. वाळवून या."

"वाळले असते तर तुमच्याकडे आले कशाला असते?"

त्यावर तो म्हातारा पहिल्यांदा हसला.

मग केस मावशीने वाळवले. घमेल्यात निखारे घेतले, वर टोपली पालथी घातली, माझं डोकं स्वतःच्या मांडीवर घेतलं आणि केस टोपलीवर पसरून एकेक बट बोटांनी मोकळी करत बसली. दीड-दोन तास तरी लागले असतील. ती कुणाकुणाच्या बाळंतपणाचं सांगत होती आणि मी 'हं हं' करत होते. मध्येच माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि थांबेना. तिने विचारलं नाही. धूर लागला असेल असं आपणच म्हणाली आणि निखाऱ्यांवर राख लोटली.

कापायला बसवताना बाबांनी भिंतीवरचा आरसा काढून माझ्या हातात दिला. "ह्यो खाली ठिवायचा न्हाई. बघत ऱ्हायचं. तुमी म्हनाल तिथं थांबनार." मावशीकडून पुन्हा वेणी घालून घेतली आणि तिला माझ्यासमोर बसवलं. धोकटीतून कात्री काढली, वस्तरा मात्र उचलून आत ठेवून आले. खांद्याच्या खाली चार बोटं मोजून तिथे वेणीला काळा दोरा करकचून बांधला, आणि दोऱ्याखाली कात्री लावली. इतके केस एका दमात कापले जात नाहीत. करकर करकर आवाज येत राहिला, आणि मग एकदम माझं डोकं पुढे गेलं. सत्तावीस वर्षं मागे ओढणारं ओझं सुटलं होतं.

त्यानंतर ते बारीक कापायला लागले. दोन वेळा कात्री चालवायचे आणि माझ्याकडे आरशात बघून विचारायचे, "पुरे?" मी म्हणायची, "अजून थोडे." पुन्हा दोन वेळा. "पुरे?" चौथ्या का पाचव्या वेळी मी "पुरे" म्हणाले आणि त्यांचा हात जिथल्या तिथे थांबला. कात्री खाली ठेवली. आरशात बघते तर डावी बाजू उजवीपेक्षा बोटभर लांब राहिलेली.

"बाबा, डावीकडे राहिलंय."

"तुमी पुरे म्हनला."

"मग आता म्हणते, अजून थोडे."

तेव्हा कुठे त्यांनी कात्री पुन्हा उचलली.

केस त्यांनी सांगितलं तसेच वर चढले. संध्याकाळपर्यंत मानेभोवती वळणं उभी राहिली, आणि आरशात मला माझे वडील दिसले. ते मी लहान असतानाच गेले. त्यांच्या एकुलत्या एका फोटोत कुरळे केस आहेत. ते माझ्याकडे आलेत हे मला माहीतच नव्हतं. मी चांगली दिसत होते, अगदी स्पष्ट सांगते. आरसा या हातातून त्या हातात घेत मी खोलीभर फिरले. मग थांबले, कारण दाखवायला कोणी नव्हतं.

शाळेत पंधरा दिवस गडबड राहिली. कुणी म्हणालं बाईंना टायफॉईड झाला, कुणी म्हणालं नवस फेडला. मुख्याध्यापकांनी खाकरून खाकरून 'घरी सगळं ठीक ना' असं विचारलं. चांगलं दिसतंय असं कुणीही म्हणालं नाही. नंतर विषय संपला आणि पाऊस तेवढा राहिला.

केस कापल्यानंतरच्या आठवड्यात बाबांनी एक कागदात गुंडाळलेलं पुडकं दिलं. आत माझी वेणी. धुऊन, विंचरून, मुळाशी काळ्या दोऱ्याने विणून तिचं गंगावन केलेलं. बायका केस विरळ झाले की वेणीत मिसळायला दुसऱ्या केसांचं असं जुडगं लावतात. "केसांवर भांडी देती त्या भांडीवालीला देऊ नका," ते म्हणाले. "तुमचंच हाय. कवा लागलं तर असू द्या." मी ते ट्रंकेत तळाशी ठेवलं.

ते लागलं दिवाळीत. अकोले, संगमनेर अशी यष्टी बदलत, राजूरचे पेढे घेऊन मी नगरला पोचले. दारात वहिनीने मला बघितलं आणि हातातलं तबक खाली ठेवून ती चक्क रडायला बसली. दादा एवढंच म्हणाला, "भाऊबीजेनंतर बघायला यायचेत. मी पत्रात लिहून बसलोय." त्याचा आवाज चढला नाही. चढला असता तर मी भांडले असते. वहिनीने ट्रंक उघडली, गंगावन तिच्या हाताला लागलं आणि तिचे डोळे पुसले गेले. बघण्याच्या दिवशी तिने ते माझ्या केसांत असं बेमालूम विणलं की मलाच फरक कळेना. आकड्यांनी टाळू टोचत होती. मी स्वतःचेच केस उसने घेऊन पाटावर बसले.

मुलगा एका साखर कारखान्यात कारकून होता. आई-वडील नव्हते, आत्याने वाढवलेला. आत्या बरोबर होतीच. पोह्यांच्या बशा फिरल्या, आत्याने स्वयंपाकाचं विचारलं, शिवणाचं विचारलं. मग मुलाने मान वर केली आणि विचारलं, "राजूरला पाऊस फार ना? एकट्या असता. करमतं का?"

इतक्या जणांनी मला बघितलं होतं, पण हे कुणी विचारलं नव्हतं. वहिनीने शिकवलेलं उत्तर 'हो' असं होतं. मी म्हणाले, "नाही."

तो म्हणाला, "मलाही क्वार्टरमध्ये करमत नाही. मळी आणि भोंगा, बस." आणि हसला. मला तो माणूस आवडला. लाजत नाही सांगायला, त्या क्षणी मला ते लग्न हवं होतं.

तेवढ्यात आत्या म्हणाली, "वेणी सोड बरं बाळ. बघू दे केस." ही पद्धतच होती तेव्हा. गंगावनाची फसवणूक पकडायलाच ती असायची. वहिनीने हातातला पाण्याचा तांब्या खाली ठेवला. "आत्याबाई, आत्ताच घातलीय हो," ती म्हणाली. आत्या थांबून राहिली.

मी हात मागे नेले. एकेक आकडा काढला, गंगावन सोडवलं आणि आत्याच्या मांडीवर ठेवलं. माझ्या मानेवर वळणं मोकळी झाली. "हे माझेच आहेत," मी म्हणाले. "श्रावणात कापले." आत्याने ते हातावर तोललं, टोकाकडून उजेडात धरलं आणि म्हणाली, "केस चांगले आहेत." मग बशीशेजारी ठेवून दिलं. मुलगा माझ्याकडे बघत होता. त्याला ते वाईट दिसले नव्हते. एवढं बाईला कळतं.

आठ दिवसांनी आत्याचं पत्र आलं. मुलगी पसंत आहे, खरं बोलते हेही आवडलं. केस पाठीवर वेणी येण्याइतके वाढू द्यावेत, पुढच्या वर्षी लग्न करू. दादाने कळवून पाहिलं की तोवर गंगावन आहेच. उत्तर आलं, आमच्या घरात खोटे केस चालत नाहीत. 'खोटे' हा शब्द वाचून मी राजूरच्या खोलीत एकटीच मोठ्याने बोलले होते. पण कात्रीकडे गेले नाही. वाढवले. बाजारात बाबा भेटले की डोक्याकडे बघायचे आणि काही विचारायचे नाहीत.

पुढच्या जूनपर्यंत वेणीला दोन पेड येतील इतके झाले. पाऊस बसला. ओल पुन्हा मानेत उतरली, डोकं पुन्हा जड व्हायला लागलं. तेव्हा मी दादाला न विचारता त्या माणसाला कारखान्याच्या पत्त्यावर एक पत्र लिहिलं. फार काही नाही. इथे पाऊस सुरू झालाय, करमत नाही. केसांबद्दल तुम्हाला स्वतःला काय वाटतं, ते कळवाल का? पोस्टमन दिसला की माझे पाय आपोआप दाराकडे जायचे. तीन आठवड्यांनी पाकीट आलं. अक्षर आत्याचं. मुलीने अशी पत्रं लिहिणं बरं नव्हे, केस किती झाले ते मात्र कळवावं.

मी ते पत्र दोनदा वाचलं. ज्याने विचारलं होतं करमतं का, त्याच्याकडून एक ओळ आली असती तर मी पायाच्या घोट्यापर्यंत केस वाढवले असते. आजही सांगते, वाढवले असते.

त्या रविवारी मी बाबांच्या ओसरीवर जाऊन बसले. मावशीने घमेल्यात निखारे घेतले. बाबांनी आरसा हातात दिला. कात्री लावायच्या आधी ते थांबले आणि म्हणाले, "बाई, नगरला कळवलं?" मी म्हणाले, "कापल्यावर कळवीन." त्यांनी दोन वेळा कात्री चालवली आणि विचारलं, "पुरे?" मी म्हणाले, "अजून थोडे." नगरला आणि कारखान्याला मी एकाच दिवशी पत्रं टाकली. दादाचं उत्तर महिनाभराने आलं. दुसरं आलं नाही.

मी राजूरला आणखी अकरा वर्षं होते. बाबा गेले, मग मावशी गेली. पुढे नगरला बदली झाली, गल्लोगल्ली पार्लरं निघाली. मी एकदा गेले. त्या मुलीने माझे केस आधी भिजवले, मग न विचारता कापले आणि वाळल्यावर डोक्यावर टोपलं उभं राहिलं. तेव्हापासून मी घरीच कापते. गंगावन अजून ट्रंकेत आहे. माझे केस पांढरे झाले, ते काळंच राहिलं. तीन महिन्यांनी एकदा, केस कोरडे असताना, मी उजेडाला पाठ करून बसते, डाव्या हातात आरसा धरते आणि दोन वेळा कात्री चालवून मोठ्याने विचारते, "पुरे?" घरात दुसरं कुणी नाही, त्यामुळे उत्तरही मलाच द्यावं लागतं.